मानसिक आजाराचा शिक्का आणि शाळा-कॉलेजचं मैदान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मानसिक आजाराचा शिक्का खेळाच्या मदतीने कसा पुसायचा, याबद्दल क्रीडाशिक्षक, संघाचे प्रशिक्षक, कर्णधार, वर्गशिक्षक आणि घरची मंडळी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. सगळ्या उत्तरांमागे एकच आग्रह आहे. गुडघ्याचा लिगामेंट फाटलेल्या खेळाडूला संघ जसं वागवतो, तसंच मन आजारी पडलेल्या खेळाडूला वागवावं, आणि तो परत येईपर्यंत त्याची जागा राखून ठेवावी.

हा शिक्का मैदानावर नेमका दिसतो कसा?

सरावाला अर्धा तास नुसते उभे राहा आणि कान देऊन ऐका. सोपा झेल सुटला की "मेंटल आहे का हा?" चिडून कोणी बोललं की "सायको!" विदर्भातल्या मैदानावर "याला नागपूरला टाका", पुण्यात "येरवड्याला पाठवा", मुंबईकडे "ठाण्याचं तिकीट काढा", कोकणात रत्नागिरी. राज्यातल्या चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांची गावं आपण शिव्यांत वापरून टाकली आहेत. बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा काही नसतं. पण त्याच रांगेत एक मुलगा असा असतो की ज्याची आई रोज रात्री गोळी घेते, किंवा जो स्वतःच तीन आठवडे झोपलेला नाही. तो हसण्यात सामील होतो, आणि आपण कुणाला काही सांगायचं नाही हे त्याच वेळी ठरवून टाकतो.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. मुलगा ते शब्द स्वतःलाच लावून घेतो: "मीच कच्चा आहे." मग ते निवडीतही उतरतं. "त्याच्या डोक्याला ताण नको" असं म्हणून त्याचं नाव यादीतून गळतं. काळजीपोटी गळलं असलं, तरी त्याला कळतं ते एवढंच की सांगितलं आणि जागा गेली.

हा शिक्का पुसायची सुरुवात विद्यार्थी वयातच का करायची?

कारण बहुतेक आजार याच वयात डोकं वर काढतात. जगभरच्या १९२ अभ्यासांचा एकत्र आढावा २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार मानसिक आजार झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांचा आजार चौदाव्या वर्षाआधी, निम्म्यांच्या आसपास लोकांचा अठराव्या वर्षाआधी आणि ६२ टक्क्यांहून अधिक लोकांचा पंचविशीच्या आत सुरू झालेला असतो. म्हणजे आठवीपासून पदवीपर्यंतचा काळ. नेमक्या याच काळात मित्र काय म्हणतील याची धास्ती आयुष्यात सर्वांत जास्त असते.

आपल्या देशात २०१५-१६ साली बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात बहुतेक आजारांच्या बाबतीत दहापैकी सात किंवा त्याहून जास्त रुग्ण उपचारांपर्यंत पोचलेच नव्हते. दवाखाने कमी आहेत हे खरंच आहे. पण दवाखाना दोन गल्ल्यांवर असूनही पाऊल उचलत नाही, त्याला हा शिक्का कारण असतो.

व्याख्यानं, पोस्टरं, पथनाट्यं होतातच. मग खेळ कशाला?

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली एक गोष्ट मांडली. दोन गटांमधला आकस नुसत्या ओळखीने जात नाही, त्यासाठी चार गोष्टी जुळून याव्या लागतात: दोघांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवं, एकमेकांवाचून काम अडायला हवं, आणि वरच्या अधिकारी माणसाचा या सगळ्याला उघड पाठिंबा हवा. व्याख्यानात यातलं काहीच नसतं. तिथे एक जण सांगतो आणि बाकीचे ऐकतात.

खो-खोचं पाहा. आठ जण पाटीवर बसलेले असतात आणि एक जण पाठलाग करत असतो. मधल्या एखाद्याला "हा जरा तसाच आहे" म्हणून खो द्यायचं टाळलं, तर समोरचा धावक सुटलाच. कबड्डीत साखळीतल्या जोडीदाराचा हात घट्ट धरल्याशिवाय चढाईपटू अडत नाही. ज्याच्यासोबत डबा खायला मुलं कचरतात, त्याच्या पाठीवर थाप मारावी लागते, त्याचा हात धरावा लागतो. हे रोज होतं आणि त्यासाठी कुणाला उपदेश करावा लागत नाही.

एक सावधगिरी मात्र इथेच सांगायला हवी. मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक कॉरिगन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली शिक्का कमी करण्याच्या अनेक प्रयोगांचा आढावा घेतला. प्रौढांमध्ये आजारातून गेलेल्या माणसाशी प्रत्यक्ष भेट जास्त परिणामकारक ठरली, तर किशोरवयीन मुलांमध्ये नीट दिलेली माहिती. म्हणून शाळेत नुसतं एकत्र खेळवून भागणार नाही. खेळाच्या आधी किंवा नंतर दहा मिनिटं साध्या भाषेत नैराश्य म्हणजे काय, पॅनिक अटॅक कसा येतो, स्किझोफ्रेनियात काय होतं हे सांगायलाच हवं. कॉलेजात प्रत्यक्ष सहवासावर जास्त भर द्या.

खेळलं की मानसिक आजार बरा होतो, असं मुलांना सांगावं का?

नाही. हे वाक्य चांगल्या मनाने बोललं जातं आणि फार नुकसान करतं.

व्यायामाचा नैराश्यावर उपयोग होतो याला भक्कम आधार आहे. २०२४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २१८ चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण आलं. त्यात चालणं-धावणं, योग आणि वजनांचा व्यायाम यांनी लक्षणं मध्यम प्रमाणात कमी झालेली दिसली. पण मध्यम प्रमाणात म्हणजे सगळी नव्हेत. ज्याला बिछान्यातून उठवत नाही, त्याला "ग्राउंडवर ये, सगळं ठीक होईल" म्हटलं आणि तो आला नाही, तर आजाराच्या जोडीला आळशीपणाचाही ठपका बसतो. आला आणि तरी बरं वाटलं नाही, तर "माझंच काही खरं नाही" असं त्याला वाटतं. खेळ उपचारांच्या सोबतीला असावा. इथे खेळाचं मुख्य काम आजाऱ्याला बदलण्याचं नाही, भोवतालच्या मुलांना बदलण्याचं आहे.

नामवंत खेळाडूंची उदाहरणं द्यावीत का?

द्यावीत, पण नीट निवडून. सामन्याआधी रात्र रात्र झोप लागत नसे आणि ही अस्वस्थता दहा-बारा वर्षं सोबत होती, असं सचिन तेंडुलकर यांनी २०२१ साली सांगितलं. आपल्या मुलांना हे थेट भिडतं. पण ही सामन्याआधीची चिंता होती, तिला आजार म्हणू नका. नाहीतर "सगळ्यांनाच होतं, त्यात काय एवढं" असा उलटा अर्थ निघतो. विराट कोहली यांनी २०१४ च्या इंग्लंड दौऱ्यात पाच कसोटींत मिळून १३४ धावा केल्या, आणि त्या काळात आपण नैराश्यातून गेलो असं पुढे स्वतःच सांगितलं. २००८ मध्ये बीजिंगला सुवर्णपदक जिंकल्यानंतर आलेल्या पोकळीबद्दल नेमबाज अभिनव बिंद्रा मोकळेपणाने बोलले आहेत. हे उदाहरण मला सर्वांत मोलाचं वाटतं. मन आजारी पडायला पराभवच लागतो, ही समजूत त्याने मोडते.

अमेरिकेच्या जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स यांनी टोकियो ऑलिंपिकमध्ये, जुलै २०२१ मध्ये, सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली. हवेत शरीराची दिशाच कळेनाशी झाली होती आणि तशा अवस्थेत उडी मारणं मानेवर बेतलं असतं. पॅरिसला २०२४ मध्ये त्या परतल्या आणि तीन सुवर्णपदकं व एक रौप्यपदक घेऊन गेल्या. इथे एक खबरदारी घ्या. प्रत्येक गोष्ट पदकावर संपली, तर बरं होणं म्हणजे जिंकणं असं मुलांच्या मनात बसतं.

म्हणून जर्मनीचा फुटबॉल गोलरक्षक रॉबर्ट एन्के याच्याबद्दलही मोठ्या मुलांशी बोलावं. त्याने आपलं नैराश्य वर्षानुवर्षं लपवलं, कारण कळलं तर सगळं हातचं जाईल अशी भीती होती. नोव्हेंबर २००९ मध्ये त्याने आयुष्य संपवलं. कसं, ते मुलांना सांगायची गरज नाही. पुढच्याच वर्षी त्याच्या नावाची संस्था उभी राहिली आणि ती नैराश्याबद्दल जागृतीचं काम करते.

एवढं करूनही मुलं म्हणतात, "ते मोठे आहेत, त्यांचं खपून जातं." बरोबरच आहे त्यांचं. कॉलेजच्या संघातला दोन वर्षं पुढचा दादा किंवा ताई जे करू शकते, ते क्रिकेटच्या ताऱ्याला जमत नाही.

मग आपल्याच एखाद्या विद्यार्थ्याला सगळ्यांसमोर बोलायला सांगावं का?

सांगू नका. सुचवूही नका. शिक्षकाने सुचवलं की मुलाला नाही म्हणता येत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने रुग्णाला आपल्या आजाराबद्दलची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क दिला आहे. आज प्रार्थनेच्या वेळी माइकवरून बोललेलं उद्या गावभर झालेलं असतं आणि ते परत घेता येत नाही. कोणी आपणहून बोलायला तयार झालं, तर त्याच्या घरच्यांशी आणि त्याच्या डॉक्टरांशी आधी बोलणं होऊ द्या, आणि ऐन वेळी नको म्हणायची मोकळीक ठेवा. सर्वांत बरं म्हणजे आजारातून सावरलेली, वयाने मोठी, बाहेरची व्यक्ती बोलवा. तिने आधी मुलांसोबत एक डाव खेळावा आणि मग गप्पा माराव्यात.

कोणता खेळ निवडावा?

जिथे एकमेकांवाचून अडतं तो कोणताही. खो-खो, कबड्डी, रिले, व्हॉलीबॉल चांगले. बाद झालेल्याला शेवटपर्यंत बाहेर बसवणारे खेळ टाळा. संघ मिसळूनच करा. "आजारी विरुद्ध धडधाकट" असा सामना कधीच नको, हेतू कितीही चांगला असो. मुलांना संघ निवडायला लावून शेवटी उरलेल्याला कुठेतरी ढकलायची पद्धतही बंद करा. चिठ्ठ्या टाका.

इटलीत मानसोपचार घेणाऱ्या खेळाडूंचा राष्ट्रीय फुटसाल (पाच-पाच खेळाडूंचा, छोट्या मैदानावरचा फुटबॉल) संघ आहे. तो २०१६ साली जपानमधल्या ओसाकाला आणि २०१८ साली रोमला अशाच संघांच्या जागतिक स्पर्धेत खेळला. देशाची जर्सी अंगावर आल्याने पाहणाऱ्यांची नजर बदलते हे खरं. पण शाळेच्या पातळीवर मी वेगळा संघ काढायच्या विरोधात आहे.

मुलं "मेंटल", "सायको" म्हणाली तर शिक्षा करावी का?

मैदानाला पाच फेऱ्या ही शिक्षा तर मुळीच नको. पळणं म्हणजे शिक्षा असा धडा आपण देऊन बसतो. नुसती शब्दबंदीही टिकत नाही, सरांची पाठ वळली की शब्द परत येतो. तिथल्या तिथे खेळ थांबवा, आवाज न चढवता बोला: "अरे, झेल सुटला. झेल सुटला एवढंच म्हण. आजाराचं नाव शिवी म्हणून इथे चालत नाही." आणि लगेच खेळ पुढे सुरू करा. दर वेळी, न चुकता. मोसमभर सरांनी हे केलं की कर्णधार ते आपणहून करायला लागतो, आणि कर्णधाराचं मुलं सरांपेक्षा जास्त ऐकतात.

आपली स्वतःची वाक्यंही तपासायला हवीत. "पोरीसारखा रडू नकोस", "मन घट्ट कर", "आमच्या वेळी असली नाटकं नव्हती". मुलगा अडचण घेऊन येताना सर काय म्हणतील याचा अंदाज याच वाक्यांवरून बांधतो.

एखाद्या खेळाडूचं काही बिनसलंय असं वाटलं, तर बोलायला सुरुवात कशी करू?

जे दिसलं तेवढंच सांगा. "तुला डिप्रेशन आलंय का?" असं विचारू नका, निदान करणं डॉक्टरांचं काम आहे. "गेले दोन आठवडे तू सरावाला उशिरा येतोस, डबाही तसाच परत नेतोस. मला काळजी वाटली म्हणून विचारतोय." एवढं पुरे. सगळ्यांसमोर नको. साहित्य गोळा करताना, जाळं गुंडाळताना, शेजारी शेजारी काम करता करता बोला. समोरासमोर खुर्च्या मांडून बसवलं की मुलाला झडती वाटते.

तो "काही नाही सर" म्हणेल. म्हणू दे. "बरं. आठवड्याने पुन्हा विचारीन" म्हणा, आणि खरोखरच विचारा. ते दुसऱ्यांदा विचारणं निर्णायक असतं, आणि बहुतेक मोठी माणसं तेच विसरतात. पहिलं विचारणं नुसतं औपचारिक असतं असं मुलांना वाटतं. दुसऱ्यांदा विचारल्यावर त्यांना खरं वाटतं.

मरणाच्या गोष्टी कानावर आल्या, आवडती बॅट किंवा बूट कुणाला तरी देऊन टाकले, अचानक सगळ्यांचा निरोप घेतल्यासारखं बोलणं झालं, तर थेट विचारा: "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. होय म्हणाला तर एकटं सोडू नका, घरच्यांना बोलवा, दवाखान्यात न्या. इथे कुणाला न सांगण्याचं वचन देऊ नका. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२.

उपचार घेऊन खेळाडू परत आला. संघाने काय करावं?

गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेला खेळाडू परततो तेव्हा काय होतं? त्याचं नाव यादीत राहिलेलं असतं. दोस्त घरी जाऊन आलेले असतात. फिजिओ सांगेल त्याप्रमाणे आधी हलका सराव, मग अर्धा सामना, मग पूर्ण. पुढे तो एका खराब चेंडूवर बाद झाला, तर कोणी "गुडघ्यामुळेच" म्हणत नाही.

हे सगळं जसंच्या तसं करा. तो दूर असताना त्याचं नाव फळ्यावर राहू द्या. त्याला चालणार असेल तर मित्रांनी फोन करावा, आजाराबद्दल नव्हे, काल कोण जिंकलं याबद्दल. परत येण्याआधी त्यालाच विचारा: संघाला काय सांगायचं, किती सांगायचं, की काहीच नाही? तो म्हणेल ते शब्द, त्यापलीकडे एकही नाही. सराव किती आणि कधी वाढवायचा हे त्याच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवा. गुण लिहायला बसवणं हा पहिल्या दिवसांसाठी चांगला मार्ग आहे, पण महिनाभर तेच काम दिलंत तर संघाला अर्थ कळतो.

कर्णधार असेल तर कर्णधारपद आपोआप काढू नका. निवडीच्या चाचणीत सवलतही नको. सगळ्यांना जी चाचणी तीच त्याला. सवलत दिली की शिक्का पुन्हा बसतो, या वेळी दयेचा.

गोळ्या चालू असताना खेळता येतं का? डोपिंगमध्ये, म्हणजे बंदी असलेल्या औषधांच्या तपासणीत, अडकणार नाही ना?

बहुतेकांना खेळता येतं. नैराश्यावर आणि चिंतेवर सर्रास दिल्या जाणाऱ्या सेर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन यांच्यावर बंदी नाही. एडीएचडीसाठीच्या (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांच्या आजारासाठीच्या) मेथिलफेनिडेटवर स्पर्धेच्या काळात बंदी आहे. ते चालू असेल तर उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज आधीच करावा लागतो. हात थरथरू नये म्हणून दिलं जाणारं प्रोप्रॅनोलॉल नेमबाजी आणि तिरंदाजीत बंद आहे, स्पर्धेबाहेरसुद्धा. कोल्हापूर-पुण्याकडे नेमबाजी करणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावं. बंदीच्या भीतीने गोळी स्वतःहून थांबवू नये.

उन्हाळ्याची गोष्ट वेगळी काढून सांगते. लिथियम हे मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध घेणाऱ्या खेळाडूच्या अंगातलं पाणी घामाने कमी झालं, तर रक्तातलं लिथियम धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. उलट्या, जुलाब, हातांचा मोठा कंप, तोल जाणं अशी लक्षणं दिसली की लगेच दवाखाना गाठा. काही अँटिसायकोटिक (भास-भ्रमांवरच्या) औषधांमुळे शरीराला उष्णता सोसत नाही. अकोला-चंद्रपूरच्या मे महिन्यात अशा मुलांचा सराव पहाटेच घ्या. खरं तर सगळ्यांचाच घ्या, म्हणजे कुणा एकाकडे बोट दाखवावं लागत नाही.

"मुलीचं लग्न कसं होणार?" असं घरचे विचारतात. काय सांगावं?

या प्रश्नाला हसू नका आणि आईबापांना अडाणीही ठरवू नका. त्यांची भीती खरी आहे, ती त्यांनी आपल्याच नातेवाइकांत पाहिलेली असते. मुलाचा उपचार उघडपणे चालतो, मुलीला मात्र दूरच्या शहरात गुपचूप नेतात किंवा नेतच नाहीत. तिचं मैदान तर पहिल्यांदा बंद होतं. पालकांना एवढंच सांगा की लपवल्याने उपचार लांबतात आणि लांबलेला आजार लपत नाही. तिची माहिती आमच्याकडून बाहेर जाणार नाही याची खात्री द्या. आणि तिला संघातून काढू नका अशी विनंती करा, कारण मैत्रिणी तिथे आहेत. शक्य असेल तिथे हे बोलणं शिक्षिकेने तिच्या आईशी करावं.

आमच्याकडे समुपदेशकच नाही. मग?

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलं आहे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं आहे. हेल्पलाइनचे क्रमांक वसतिगृहात, वर्गात ठळक लावायचे आहेत. मुख्याध्यापकांसमोर हा निकाल ठेवा. तोवर जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमधली मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारून साहित्याच्या खोलीच्या दारावर लिहून ठेवा. क्रीडाशिक्षकाने समुपदेशक व्हायचं नाही. ऐकायचं आणि योग्य दारापर्यंत सोबत जायचं.

१० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिनाची दौड काढली, तर पुरेल का?

एकटी दौड पुरणार नाही. टी-शर्ट आणि फोटो होतात, सोमवारी सराव पुन्हा तसाच. पैसे थोडे असतील तर ते प्रशिक्षकांच्या आणि कर्णधारांच्या प्रशिक्षणावर घाला. ऑस्ट्रेलियात मोव्हेंबर ही पुरुषांच्या आरोग्यासाठी काम करणारी संस्था आणि वुलंगाँग विद्यापीठ यांच्या भागीदारीतला एक उपक्रम क्लबांमधल्या १२ ते १८ वयाच्या खेळाडूंसाठी चालतो, आणि त्यात मुलांसोबत पालक व प्रशिक्षकांचीही सत्रं असतात. तिथल्या मुलांची समज आणि मदत मागायची तयारी वाढलेली दिसली. मोठ्यांना आधी बसवणं, हे त्यातलं घेण्यासारखं आहे.

फरक पडला हे कसं ओळखायचं?

"कार्यक्रम आवडला का?" हे विचारून काही कळत नाही. नाव न लिहिता चिठ्ठीवर चार प्रश्न विचारा. मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्या मुलाला तू संघात घेशील का? दौऱ्यावर त्याच्यासोबत एका खोलीत राहशील का? तो कर्णधार झाला तर चालेल का? तुला स्वतःला त्रास झाला तर कुणाला सांगशील? जूनमध्ये, दिवाळीच्या सुट्टीआधी आणि पुन्हा फेब्रुवारीत तेच प्रश्न ठेवा. पहिल्या प्रश्नाला "हो" लवकर वाढतात. खोलीच्या आणि कर्णधाराच्या प्रश्नाला वेळ लागतो, कधी पूर्ण वर्ष. चौथ्या प्रश्नाला "कुणालाच नाही" असं लिहिणाऱ्यांची संख्या घटली का, हे सर्वांत काळजीपूर्वक मोजा. मधल्या काळात मदत मागणाऱ्या मुलांचा आकडा वाढलेला दिसेल. त्याने घाबरून उपक्रम बंद करू नका, ती मुलं आधीही होतीच.